‘धारकास’ सोपवलेले पुस्तक

चलनी नोट हाती आली की आपण तिच्यावरील आकडा पाहतो, फार तर ती खरी आहे ना याची खात्री करून घेतो आणि पाकिटात ठेवतो. तिच्यावर गव्हर्नरांच्या स्वाक्षरीने छापलेले वचन ‘धारकाला’ दिलेले असते. हा धारक कोण, कुठल्या गावचा, कोणत्या भाषेचा, याची चौकशी नोट करीत नाही. ती काल कोणाच्या खिशात होती आणि उद्या कोणाच्या गल्ल्यात असेल हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही व्यवहार अडत नाही. हातोहात फिरत राहणे हाच तिचा धर्म आहे.

पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण सहसा याच्या उलट वागतो. पुस्तक विकत घेतले की पहिल्या पानावर नाव घालतो, ते काचेच्या कपाटात लावतो आणि नेलेले पुस्तक परत येत नाही या भीतीने कपाटाला कुलूप घालतो. अनोळखी माणसाचे राहू द्या, सख्ख्या मेहुण्याला पुस्तक देतानाही आपला हात कचरतो. म्हणूनच, एखादे उत्तम, पुरस्कारप्राप्त बालपुस्तक मुद्दाम अनोळखी व्यक्तीच्या हाती पडावे अशा बेताने सोडून देणारी माणसे जगात आहेत, असे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. अशा माणसांची रीत, त्यामागचा विचार आणि कोलकात्याच्या एका कबुतराची गोष्ट यांचा परिचय वाचकांना करून द्यावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

नोटेपासून पुस्तकापर्यंत

या रीतीचा उगम एका अर्थाने नोटेतच आहे. १९९८ मध्ये हँक एस्किन या अमेरिकन गृहस्थांनी डॉलरच्या नोटांचा माग काढणारी एक गमतीदार व्यवस्था इंटरनेटवर सुरू केली. एक डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र असते, म्हणून तिचे नाव ‘व्हेअर्ज जॉर्ज’, म्हणजे ‘जॉर्ज कुठे आहे?’ आपल्याजवळच्या नोटेचा क्रमांक तेथे नोंदवायचा आणि नोट खर्च करून टाकायची. पुढे ती नोट ज्याच्या हाती येईल त्यानेही तिचा क्रमांक नोंदवला, तर तिचा प्रवास कळतो.

ही कल्पना ठाऊक असलेल्या रॉन हॉर्नबेकर यांच्या मनात २००१ मध्ये प्रश्न आला, की माणसांना ज्याचा प्रवास जाणून घ्यायला आवडेल अशी नोटेखेरीज दुसरी वस्तू कोणती? उत्तर मिळाले, पुस्तक. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात ‘बुकक्रॉसिंग’चा आरंभ झाला. पद्धत सोपी होती. पुस्तक वाचायचे, त्याला एक क्रमांक घेऊन त्याची नोंद करायची, आतल्या बाजूस चिठ्ठी चिकटवायची आणि बागेतील बाकावर, उपाहारगृहाच्या टेबलावर किंवा विमानतळाच्या प्रतीक्षागृहात ते सोडून द्यायचे. ज्याला सापडेल त्याने ते न्यावे, वाचावे, शक्य झाल्यास कोठे सापडले ते नोंदवावे आणि पुढे सोपवावे. हा शब्द इतका रूढ झाला की २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या संक्षिप्त इंग्रजी शब्दकोशात त्याला स्थान मिळाले. २००७ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हा उपक्रम उचलून धरला आणि अशा देवघेवीसाठी शहरभर सुमारे २,००० जागा ठरवून दिल्या.

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना आयर्व्हिंग फिशर यांचे १९११ मधील समीकरण आठवत असेल. अर्थव्यवस्थेत किती पैसा आहे एवढेच पाहून भागत नाही. तो किती वेगाने हात बदलतो, म्हणजे त्याचा भ्रमणवेग किती, हेही पाहावे लागते. शंभराची एक नोट वर्षात दहा वेळा हात बदलेल तर ती एक हजाराचे व्यवहार घडवते. गादीखाली पडून राहिली तर एकही नाही. दीडशे रुपयांचे बालपुस्तक एका मुलाने वाचले तर एका वाचनाचा खर्च दीडशे रुपये. तेच पंधरा मुलांच्या हातून फिरले तर तो दहा रुपयांवर येतो. ना नवा कागद लागत, ना नवी छपाई. वाढतो तो फक्त भ्रमणवेग.

पदक मिळालेले पुस्तक

सोडून द्यायचे तर पुरस्कारप्राप्त पुस्तकच का, असा प्रश्न येथे पडेल. त्यासाठी बालसाहित्याच्या सर्वांत जुन्या पुरस्काराकडे पाहावे लागेल.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन न्यूबेरी नावाचे प्रकाशक व पुस्तकविक्रेते होते. मुलांना केवळ उपदेश न करता त्यांचे मनोरंजनही करावे, या हेतूने त्यांनी १७४४ मध्ये एक छोटे खिशात मावणारे पुस्तक काढले. किंमत सहा पेन्स. आठ पेन्स दिले तर मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्या खोचण्याची छोटी गादी सोबत मिळे. त्या वस्तूची एक बाजू लाल व दुसरी काळी असे. मुलाने चांगले काम केले की एका बाजूस टाचणी खोचायची, वाईट केले की दुसऱ्या बाजूस. जमाखर्चाच्या वहीची इतकी लहान आवृत्ती क्वचितच कोणी काढली असेल!

या न्यूबेरींच्या नावाने पदक द्यावे, असे अमेरिकेतील प्रकाशन व्यवसायातले फ्रेडरिक मेल्चर यांनी १९२१ मध्ये सुचवले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने ते मान्य केले आणि १९२२ मध्ये पहिले न्यूबेरी पदक दिले गेले. अमेरिकेत वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या बालसाहित्यातून सर्वश्रेष्ठ पुस्तकाची निवड ग्रंथपालांची समिती करते. लेखक अमेरिकेचा नागरिक अथवा रहिवासी असावा लागतो. बालसाहित्यासाठीच असलेला हा जगातील पहिला पुरस्कार मानला जातो.

पदक मिळाले की पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गोल शिक्का येतो, ग्रंथालये प्रती मागवतात, शाळांच्या याद्यांत नाव लागते. पालकांच्या दृष्टीने तो शिक्का सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कसारखा आहे. अनोळखी माणसाने सोडलेले पुस्तक उचलावे की नाही, ते मुलाच्या हाती द्यावे की नाही, या शंकेत असलेल्या आईवडिलांना तो शिक्का दिलासा देतो. देणाऱ्याची ओळख नसली तरी पुस्तकाची ओळख पटते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खातेदाराची ‘केवायसी’ झालेली नसते, पण दस्तऐवज अस्सल असतो.

कोलकात्याचा चित्रग्रीव

न्यूबेरी पदकाच्या यादीत १९२८ या वर्षापुढे एका भारतीयाचे नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. ते नाव धनगोपाल मुखर्जी. १८९० मध्ये कोलकात्याजवळ जन्मलेले मुखर्जी तरुणपणी जपानमार्गे अमेरिकेत गेले, कॅलिफोर्नियात शिकले, मिळेल ते काम करीत लिहू लागले आणि इंग्रजीतून अमेरिकन वाचकांसाठी लिहून नाव मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय लेखकांपैकी एक ठरले. त्यांचे बंधू जदुगोपाल मुखर्जी हे बंगालच्या क्रांतिकारक चळवळीतील नेते होते. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डटन या प्रकाशन संस्थेने धनगोपालांचे ‘गे-नेक’ हे पुस्तक काढले आणि पुढच्याच वर्षी त्याला पदक मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

‘गे-नेक’ म्हणजे चित्रग्रीव, ज्याच्या मानेवर रंगांची झळाळी आहे असे कबुतर. पंचतंत्र वाचलेल्यांना हे नाव परिचयाचे वाटेल. पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या कबुतरांचा राजा चित्रग्रीवच. सर्वांना एकदम उडायला लावून तो जाळ्यासह आपल्या मित्राकडे, हिरण्यक नावाच्या उंदराकडे जातो आणि माझे पाश नंतर तोड, आधी माझ्या सोबत्यांचे तोड, असे त्याला सांगतो. धनगोपालांनी हे नाव आपल्या नायकाला दिले.

त्यांच्या पुस्तकातला चित्रग्रीव कोलकात्यातील एका मुलाने पाळलेला आहे. मुलगा त्याला उडायला शिकवतो, दूर नेऊन सोडतो, घरी परत यायला शिकवतो. ससाणे, वादळे, हिमालयाच्या दऱ्या यांतून ते पाखरू जाणते होते. मग पहिले महायुद्ध येते आणि घोंड नावाच्या वृद्ध शिकाऱ्याबरोबर ते संदेशवाहक म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर जाते. गोळ्यांच्या वर्षावातून, जखमी होऊन, ते संदेश पोचवते. पण परत आल्यावर त्याला उडताच येत नाही. पंख बरे झाले तरी मनात भीती बसलेली असते. घोंडच्या मनातही युद्धाने द्वेष पेरलेला असतो. शेवटी हिमालयातील बौद्ध मठात भिक्षूंच्या सहवासात दोघेही भय आणि द्वेष यांतून मुक्त होतात आणि कबुतर पुन्हा आकाशात झेपावते. कथेचा काही भाग प्रत्यक्ष कबुतरच आपल्या तोंडाने सांगते.

संदेशवाहक कबुतरे ही केवळ कथेतली बाब नव्हे. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये वेढ्यात सापडलेल्या अमेरिकन तुकडीचा संदेश ‘शेर अमी’ या कबुतराने जखमी अवस्थेत पोचवला आणि त्याला फ्रान्सचे शौर्यपदक मिळाले. आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून कबुतरांची संदेशसेवा चालवली आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात इतर साधने निकामी झाली तेव्हा तिचा उपयोग झाला.

एका भारतीयाने लिहिलेले, भारतात घडणारे, पदकप्राप्त असे हे पुस्तक. पण ते आपल्याकडच्या किती मुलांच्या हाती पडले असेल? पदक पुस्तकाला एकदाच मिळते. त्याने नाव यादीत कायम राहते. पुस्तक जिवंत राहते ते मात्र प्रत्येक पिढीत कोणीतरी ते दुसऱ्याच्या हातात ठेवल्यामुळे. पंचतंत्राचेच पाहा. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत आणि तेथून युरोपच्या भाषांत. प्रत्येक टप्प्यावर एका परक्याने ते दुसऱ्या परक्याला दिले. कोणत्याही समितीने शिक्का न मारलेले ते पुस्तक हातोहात फिरत दीड हजार वर्षे टिकले.

परतीची अपेक्षा नसलेली ठेव

कबुतर सोडणे आणि पुस्तक सोडणे यांत एक मूलभूत फरक आहे. कबुतर सोडतात ते परत यावे म्हणून. त्याचे सारे शिक्षण परतीचे असते. पुस्तक सोडायचे ते परत येऊ नये म्हणून. ते परत आले तर त्याचा प्रवास थांबला असे समजायचे.

येथेच आपले मन अडते. कर्ज देताना तारण, जामीनदार, परतफेडीचा हप्ता पाहण्याची आम्हा बँकवाल्यांना सवय. ठेव घेतली की पावती द्यायची, हा नियम. सोडून दिलेल्या पुस्तकाला तारण नाही, पावती नाही, हप्ता नाही. ‘बुकक्रॉसिंग’च्या मार्गाने सोडलेल्या बहुसंख्य पुस्तकांचे पुढे काय झाले हे सोडणाऱ्याला कधीच कळत नाही. ज्याला सापडले तो नोंद करतोच असे नाही. काही पुस्तके पावसात भिजतात, काही झाडूवाल्याच्या टोपलीत जातात, काही कोणाच्या तरी कपाटात पुन्हा कुलूपबंद होतात. मात्र त्यांतली काही नक्कीच एखाद्या मुलाच्या उशाशी पोचतात. नोंद झाली नाही म्हणून वाचन झाले नाही, असे म्हणता येत नाही.

मग देणाऱ्याला मिळते काय? हिशेबाच्या वहीत दाखवता येईल असे काहीच नाही. पण मनाच्या दृष्टीने पाहिले तर, आपल्याला आवडलेली वस्तू अनोळखी माणूस नीट वापरील असा विश्वास टाकण्याचा सराव मिळतो. बँकिंगचा सारा डोलारा शेवटी विश्वासावर उभा आहे, हे आपण रोज अनुभवतो. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या अपरिचित माणसाच्या हाती आपली आयुष्यभराची पुंजी ठेवणारा ठेवीदार हा विश्वास दाखवतच असतो. त्या मानाने दीडशे रुपयांच्या पुस्तकाची जोखीम ती कितीशी?

एक गोष्ट येथे स्पष्टच सांगितली पाहिजे. आपल्याकडे पुस्तके देण्याची प्रथा नाही असे मुळीच नाही. प्रश्न आहे तो आपण कोणती पुस्तके देतो याचा. वाळवी लागलेले मासिकांचे गठ्ठे, अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली मार्गदर्शके, पाने निखळलेली रंगवण्याची पुस्तके घराबाहेर काढायची आणि त्याला ग्रंथदान म्हणायचे, हा प्रकार सर्रास दिसतो. ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही, त्याच्या हाती पडणारे पहिले पुस्तक जर असे असेल, तर पुस्तक ही कंटाळवाणी वस्तू आहे हीच त्याची खात्री होईल. रद्दीत जाण्याजोगे पुस्तक रद्दीतच जावे. पुरस्कारप्राप्त, देखणे, आपल्याला स्वतःजवळ ठेवावेसे वाटणारे पुस्तक सोडून देण्यात जो अर्थ आहे, तो येथे आहे. देताना मन थोडे दुखले पाहिजे. तसे दुखले तर पुस्तक योग्य निवडले असे समजावे.

कायदा काय सांगतो?

पुस्तक असे फिरवल्याने लेखक-प्रकाशकांचे नुकसान होत नाही काय, असा आक्षेप घेतला जातो. हा वाद जुना आहे. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेने ‘द कॅस्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली होती, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकल्यास स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की एकदा प्रत विकली गेल्यावर त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने, ग्रंथालये आणि पुस्तक सोपवण्याचे उपक्रम याच तत्त्वावर उभे आहेत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, प्रती लोकांना उपलब्ध करून देण्याचा लेखकाचा हक्क सांगताना आधीच प्रसारात असलेल्या प्रती वगळल्या आहेत. म्हणजे आपण विकत घेतलेले पुस्तक वाचून दुसऱ्याला देणे पूर्णपणे वैध आहे. मात्र त्याच्या झेरॉक्स प्रती काढून वाटणे हा वेगळा विषय आहे आणि तो टाळावा. ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण बहुधा वाचण्याचा परवाना विकत घेतो, त्यामुळे ते असे हातोहात देता येत नाही. ही सोय कागदी पुस्तकालाच आहे.

व्यवहारात पाहिले तर, फुकट मिळालेले एक चांगले पुस्तक मुलाला वाचनाची गोडी लावते आणि गोडी लागलेले मूल पुढे पुस्तके विकत मागते. बचतीची सवय लहानपणीच्या छोट्या खात्याने लागते, हे आपल्या व्यवसायातील जुने निरीक्षण येथेही लागू पडावे.

आपल्या मातीतील वाटा

बागेत किंवा स्थानकावर पुस्तक ठेवून निघून जाण्याची पाश्चात्त्य पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असे नाही. रेल्वे स्थानकावर बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी घोषणा आपण सतत ऐकतो आणि ती योग्यच आहे. दिल्ली मेट्रोत २०१७ मध्ये काही वाचनप्रेमींनी डब्यांत पुस्तके ठेवण्याचा उपक्रम केला, त्याला लंडनच्या भुयारी रेल्वेतील अशाच प्रयोगाची प्रेरणा होती. परंतु आपल्याकडे पुस्तक नुसते ठेवण्यापेक्षा ते ठरलेल्या जागी, जबाबदार माणसाच्या नजरेखाली ठेवणे अधिक बरे.

अमेरिकेतच याचे एक चांगले उदाहरण आहे. विस्कॉन्सिन राज्यातील हडसन या गावी टॉड बोल यांनी २००९ मध्ये शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ, एका खोलीच्या शाळेच्या आकाराची पेटी तयार केली, तीत पुस्तके ठेवली आणि ती घरासमोर खांबावर उभारली. एक न्या, एक ठेवा, एवढाच तिचा नियम. अँड्र्यू कार्नेगी यांनी २,५०९ ग्रंथालये उभारली होती, त्यापेक्षा एक तरी जास्त करू, असे ध्येय त्यांनी ठेवले. ते थोड्याच वर्षांत पार पडले आणि २०२० मध्ये अशा पेट्यांची संख्या एक लाखावर गेली. बोल यांचे २०१८ मध्ये निधन झाले.

पेटीतून पुस्तके फिरवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानात पाचारण केले. बॉर्डन तेथे १९१३ पर्यंत होते. त्या काळात बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली आणि खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे काही महिने राहते आणि मग दुसऱ्या गटाकडे जाते. या पेट्या महाराष्ट्राबाहेर, दुबईसारख्या परदेशी शहरांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या आणि मुलांसाठी वेगळ्या पेट्याही निघाल्या. पाचगणीजवळच्या भिलार गावात ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव साकारले. तेथे सुरुवातीस २५ ठिकाणी, त्यांतही अनेक राहत्या घरांत, पुस्तके मांडली गेली. परगावचा कोणीही माणूस घरात येऊन विनामूल्य वाचत बसावा, यासाठी स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली ओसरी मोकळी करून दिली. अनोळखी माणसावरील विश्वासाचे याहून बोलके उदाहरण कोणते?

निष्क्रिय खाती आणि आपण

बचत खात्यात दोन वर्षे ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे कोणी दावा न केलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. हे नियम आपणा सर्वांना परिचित आहेत. बालपुस्तकाचे गणितही असेच आहे. सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक आठव्या वर्षी त्याला लहान होते, जसा सदरा लहान होतो. सदरा आपण धाकट्या भावंडाला किंवा गरजूला देतो. पुस्तक मात्र आठवण म्हणून ठेवतो. अशी कितीतरी निष्क्रिय खाती आपल्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत आणि त्यांचा दावेदार शेजारच्याच वस्तीत असतो.

आपल्या भाषेतही शिक्का मिळालेल्या पुस्तकांची वाण नाही. साहित्य अकादमी २०१० पासून भारतीय भाषांतील बालसाहित्याला पुरस्कार देते. मराठीत दिलीप प्रभावळकर यांच्या ‘बोक्या सातबंडे’ला २०११ मध्ये, सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९ मध्ये, संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ मध्ये, तर भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकाला २०२४ मध्ये हा मान मिळाला. मुंबई-पुण्यात ही पुस्तके दुकानात सहज मिळतात. पण भोपाळ, कोलकाता, बेंगळुरू किंवा गुवाहाटी येथे वाढणाऱ्या मराठी मुलासाठी असे एखादे पुस्तक दुर्मीळच. मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशी मुले बँक कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांत आपण सारेच पाहतो. त्यांच्यापर्यंत पोचलेली एक प्रत त्यांची भाषा टिकवू शकते. आणि आपण सतत बदलीवर जाणारी माणसे. पुस्तके पोचवण्यासाठी आपल्याहून चांगले कबुतर कोठे मिळणार?

ज्यांना हा उपक्रम करून पाहावासा वाटेल त्यांच्यासाठी काही व्यवहार्य सूचना देत आहे.

प्रत सुस्थितीतील निवडावी आणि तिला पारदर्शक वेष्टण घालावे. आतल्या पानावर पुस्तक कोणत्या वयाच्या मुलासाठी आहे, ते आपल्याला का आवडले, तारीख व गावाचे नाव एवढेच लिहावे आणि पुढच्या वाचकांसाठी जागा सोडावी. हुंडीच्या पाठीवर जशी एकाखाली एक पृष्ठांकने होतात, तशी ही गावांची नावे वाढत जातील. आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक मात्र लिहू नये.

देण्यापूर्वी पुस्तक उलटे धरून झटकावे. खूण म्हणून पानांत ठेवलेली एटीएमची चिठ्ठी, कोरा धनादेश, मुदत ठेवीची पावती हे सारे पुस्तकांतून निघते. पुस्तक अनोळखी व्यक्तीस द्यावे, खात्याचा तपशील नव्हे!

पुस्तक बेवारस सोडू नये. डॉक्टरांचे प्रतीक्षागृह, केशकर्तनालय, अंगणवाडी, सोसायटीचे कार्यालय, उपाहारगृह अशा ठिकाणी तेथील जबाबदार व्यक्तीची परवानगी घेऊन छोटी फळी किंवा टोपली ठेवता येईल. निवृत्तिवेतनाच्या दिवशी आजोबांबरोबर नातवंडेही बँकेत येतात. शाखा व्यवस्थापकांची संमती असल्यास प्रतीक्षेच्या बाकाजवळ चार बालपुस्तके ठेवायला फारशी जागा लागत नाही.

आणि शेवटची सूचना: पुस्तक परत मागू नये, त्याचे काय झाले असे विचारीत राहू नये. कोणी होऊन सांगितले तर आनंद मानावा.

एप्रिल-मे महिन्यांत बदल्यांचे आदेश निघतात, घरोघरी खोकी बांधली जातात. त्या वेळी मुलांच्या कपाटातील पुस्तके सरसकट खोक्यात न भरता त्यांतले एक, मुलांच्या संमतीने, बाजूला काढावे. जुन्या गावाचे नाव त्यावर लिहावे आणि नव्या गावी पोचल्यावर, अद्याप कोणाशी ओळख झालेली नसताना, ते एखाद्या मुलाच्या हाती द्यावे. नव्या गावात ओळखीची सुरुवात करण्याची ही एक चांगली रीत आहे. ज्या सुज्ञ वाचकांनी आजवर असे काही केले असेल, त्यांचे अनुभव या नियतकालिकाच्या पानांतून इतरांपर्यंत पोचावेत, अशी अपेक्षा आहे.